हातात आलेली थोडी मिनिटं

मणक्याला मार लागलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण आधी पायांची चौकशी करतो. उभं राहता येतं का, चालता येतं का, फिजिओथेरपी चालू आहे ना? मलाही कित्येक महिने हेच विचारत होते आणि मीही त्याचीच उत्तरं देत होते. कपड्यांत शी होते का, हे मात्र कुणी विचारलं नाही. तपासणीला गेलं तरी पाय, लघवी, झोप आणि दुखणं एवढ्यावर बोलून वेळ संपायची. पुनर्वसन विभागातल्या एका सिस्टरनी एकदा दार लावून घेतलं, समोर खुर्ची ओढली आणि सरळ विचारलं, “पोट साफ कधी होतं? कपड्यांत किती वेळा होतं? कळतं का आधी?” तेव्हा पहिल्यांदा मी सगळं बोलले. ताई शेजारीच बसली होती. रोज माझे कपडे धूत होती, तरी आमच्या दोघींमध्येही या विषयावर तोवर धड एक वाक्य झालं नव्हतं.

त्या संभाषणापासून ते कमरेखाली बसवलेल्या छोट्या यंत्रापर्यंत जे झालं ते इथे लिहिते आहे. शौचावर ताबा यावा म्हणून नसेला हलकी वीज देण्याच्या या उपचाराला सेक्रल नर्व्ह स्टिम्युलेशन म्हणतात. मी रुग्ण आहे, डॉक्टर नाही. पण हा निर्णय घेताना मला एका रुग्णाने लिहिलेलं, खालच्या भाषेत न शिरता पण काही न लपवता लिहिलेलं, असं काहीतरी वाचायला हवं होतं आणि ते मिळालं नव्हतं.

माझ्या पाठीचा अकरावा मणका पडल्यामुळे मोडला. मणक्यांच्या आत असलेला मज्जारज्जू माकडहाडापर्यंत जात नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि तिथून खाली नुसत्या नसांचा झुपका जातो. गुदद्वार, मूत्राशय आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू यांचा कारभार त्रिकास्थीतून, म्हणजे कमरेखालच्या तिकोनी हाडातून, बाहेर पडणाऱ्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या नसेकडे असतो. माझी इजा त्यांच्या केंद्राच्या वर होती. म्हणजे नसा शाबूत, त्यांचं खालचं केंद्रही शाबूत, पण मेंदू आणि ते केंद्र यांच्यात निरोप अर्धामुर्धाच पोचतो. डॉक्टरांच्या भाषेत ही अपूर्ण इजा. उजवा पाय बराचसा माझ्या ताब्यात आहे, डाव्या पायाला पट्टा लावते, हातात काठी असते. डाव्या पायाची बोटं मला हलवता येत नाहीत.

इजा कुठे आहे यावर शौचाचा त्रास कोणत्या प्रकारचा हे ठरतं. इजा वर असेल तर आतडं स्वतःच्या प्रतिक्षिप्त क्रियेने चालतं. गुदाशय भरला की तो आपणहून रिकामा होतो, माणसाला विचारत नाही. इजा मज्जारज्जूच्या टोकाला किंवा खालच्या नसांच्या झुपक्यालाच असेल तर गुदद्वाराचा स्नायू ढिला पडतो, मल पुढे सरकत नाही आणि थोडा थोडा गळत राहतो. दोघांचे उपाय वेगळे असतात. एकाचं औषध दुसऱ्याने वापरून उपयोग नाही, आणि हे मी मुद्दाम लिहिते, कारण वॉर्डमध्ये आम्ही रुग्ण एकमेकांना सल्ले फार देतो.

माझा त्रास पहिल्या प्रकारचा. मला लागायची, पण ते कळायचं तेव्हा उशीर झालेला असायचा. कळणं आणि होणं यांच्यामध्ये वेळच नसायचा. खुर्चीतून उठून काठी हातात घेईपर्यंत कपडे खराब. कधी तर वासावरूनच कळायचं. लोकांना वाटतं की यातला मोठा त्रास घाणीचा आहे. घाण धुता येते. मला खाऊन टाकलं ते भरवसा नसण्याने. कोणाला घरी बोलवायचं नाही, कोणाकडे जायचं नाही, लांबच्या प्रवासाआधी उपाशी राहायचं, बसायला नेहमी दाराजवळची जागा धरायची. मी पुन्हा कामावर जाऊ शकत होते, पाय तेवढे तयार झाले होते. गेले नाही ते केवळ यामुळे.

सिस्टरनी आणि पुनर्वसनाच्या डॉक्टरांनी यंत्राचं नावही आधी काढलं नाही, आणि ते योग्यच होतं. आधी रोजची शिस्त बसवायची असते. ठरावीक वेळी पोट रिकामं करायचं, म्हणजे बाकीच्या वेळी गुदाशयात काही उरणार नाही. खाल्ल्यानंतर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते आणि सकाळी ही क्रिया जास्त जोरात असते, म्हणून सकाळच्या खाण्यानंतर साधारण अर्ध्या तासाने बसायचं. सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून घ्यायची औषधाची वडी, घालायची, मग हातमोजा चढवून, भरपूर जेली लावून बोट आत घालून हळूहळू गोल फिरवायचं. त्याने स्नायू सैल पडतो आणि आतडं ढकलायला लागतं. ते मला सिस्टरनी शिकवलं. पहिल्यांदा मी रडले. नंतर दात घासण्याइतकं ते अंगवळणी पडलं. शौच फार पातळ नको आणि फार घट्ट नको म्हणून इसबगोल, पाणी आणि एक औषध यांचं प्रमाण बरेच आठवडे वरखाली करून ठरवलं. ब्रिस्टल तक्त्यात शौचाचे ७ प्रकार असतात. आमचं लक्ष्य तिसरा-चौथा.

त्यानंतर गुदद्वारातून पाणी सोडून आतडं धुण्याची पद्धत आली. फुगा असलेली नळी आत घालायची, फुगा फुगवायचा म्हणजे पाणी बाहेर येत नाही, मग पंपाने कोमट पाणी सोडायचं. मणक्याची इजा झालेल्या ८७ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही पद्धत नेहमीच्या उपायांपेक्षा सरस ठरली होती. मलाही ती चांगली लागू पडली. कपड्यांत होण्याचं प्रमाण कमी झालं. पण थांबलं नाही. आणि जे उरलं होतं ते कधी होईल याचा काहीच अंदाज नव्हता. इथपर्यंत येऊन बऱ्याच जणांचा प्रश्न सुटतो, हे नीट सांगायला हवं. माझा सुटला नाही म्हणून पुढची पायरी आली.

मला ज्या सर्जनकडे पाठवलं त्या बाई होत्या. त्यांनी पहिल्याच भेटीत कागदावर त्रिकास्थीचं चित्र काढलं. त्या हाडाला दोन्ही बाजूंना भोकं असतात आणि त्यातून नसा बाहेर येतात. तिसऱ्या भोकातून एक बारीक तार आत सरकवायची, ती तिसऱ्या नसेच्या शेजारी ठेवायची आणि तिच्यातून सतत हलकी वीज सोडायची. वीज सोडणारं यंत्र हृदयाच्या पेसमेकरसारखंच, फक्त ते नितंबाच्या वरच्या भागात कातडीखाली बसतं.

मी विचारलं, “म्हणजे वीज सोडून स्नायू आवळून धरायचा?”

“सगळ्यांना तसंच वाटतं,” त्या म्हणाल्या. “सुरुवातीला आम्हालाही तसंच वाटायचं. पण नेहमीच्या वापरात वीज इतकी कमी असते की स्नायू आवळला जात नाही. परिणाम होतो तो मुख्यतः वर जाणाऱ्या निरोपांवर. गुदाशय काय सांगतोय ते मज्जारज्जू आणि मेंदू वेगळ्या तऱ्हेने ऐकायला लागतात, आणि आतड्याची हालचालही बदलते. नेमकं कसं, यावर अजून काम चालू आहे.”

म्हणूनच अपूर्ण इजेचा मुद्दा इतका महत्त्वाचा. निरोप वर जायला थोडी तरी वाट शिल्लक लागते. इजा पूर्ण असेल तर या पद्धतीचा सहसा उपयोग होत नाही. तशा रुग्णांसाठी ब्रिटनमध्ये संशोधक जाइल्स ब्रिंडली यांनी १९७० च्या दशकात वेगळं यंत्र तयार केलं होतं. ते नसांच्या पुढच्या मुळांना थेट चेतना देऊन मूत्राशय रिकामं करतं, पण त्याबरोबर बहुधा मागची मुळं कापावी लागतात. माझ्यासारख्यांना ते लागू नाही. आपल्या विषयातलं यंत्र लघवीच्या त्रासासाठी सॅन फ्रान्सिस्कोत टनागो आणि श्मिट या डॉक्टरांच्या कामातून पुढे आलं. शौचाच्या ताब्यासाठी ते वापरल्याचं पहिलं वृत्त जर्मनीतल्या एर्लांगेनच्या डॉ. मात्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दिलं. अमेरिकेत लघवीसाठी १९९७ मध्ये आणि शौचासाठी २०११ मध्ये मान्यता मिळाली.

हे सांगताना सर्जन मॅडमनी एक गोष्ट झाकून ठेवली नाही. या उपचारावरची मोठी पाहणी बहुतेक वेगळ्या रुग्णांची आहे, बाळंतपणात स्नायूला इजा झालेल्या बायका त्यात बऱ्याच असतात. मणक्याच्या इजेतले अभ्यास छोटे आहेत. “तुम्हाला उपयोग होईल असं मी छातीठोक सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण या उपचाराचं एक चांगलं आहे. कायमचं बसवण्याआधी तो तुमच्यावर करून पाहता येतो.” मला वाटतं, माझा होकार त्या एका वाक्याला होता.

घोट्याजवळच्या नसेला सुईतून वीज देण्याच्या सोप्या पद्धतीबद्दलही मी विचारलं, कारण त्यात शस्त्रक्रिया नव्हती. ब्रिटनमधल्या २२७ रुग्णांच्या चाचणीत, २०१५ साली, खऱ्या विजेने ३८ टक्के लोकांचा त्रास निम्म्यावर आला आणि खोट्या विजेनेही, म्हणजे वीज दिल्याचं नुसतं भासवून, ३१ टक्के लोकांचा आला. हा फरक धरण्याजोगा नव्हता. ते रुग्ण माझ्यासारखे नव्हते हे खरं, तरी मी तो विचार सोडला.

मग तपासण्या. गुदाशयात फुगा घालून हळूहळू हवा भरतात आणि कधी जाणवतं, कधी लागल्यासारखं वाटतं, कधी सहन होत नाही ते विचारतात. नळीने स्नायूचा दाब मोजतात. स्नायू कुठे फाटला आहे का ते आतून सोनोग्राफी करून बघतात. दुखत नाही, अवघडायला होतं. फुगा बराच भरल्यावर मला अगदी अस्पष्ट काहीतरी जाणवलं आणि मी “आता” म्हणाले, तर टेक्निशियन बाईंनी आनंदाने मान हलवली. ती जाणीव जिवंत असणं हीच माझी जमेची बाजू होती. एक प्रश्नावलीही भरून घेतली. मणक्याच्या रुग्णांसाठीच्या या प्रश्नावलीत ४७ पैकी गुण देतात आणि १४ किंवा त्याहून जास्त झाले की त्रास तीव्र समजतात. माझे बरेच वर होते.

आणि वही. उपचार करून पाहायच्या चाचणीआधी काही आठवडे रोजची नोंद ठेवायची. कधी गेले, किती वेळ लागला, शौच कसं होतं, कपड्यांत झालं का, थोडं की पूर्ण, आधी कळलं का, आणि कळल्यापासून किती वेळ धरून ठेवता आलं. शेवटचा रकाना मॅडमनी स्वतः पेनाने आखून दिला. सुरुवातीला माझ्या त्या रकान्यात शून्याखेरीज काही नसे. वही लिहायचा कंटाळा येतो आणि आपलंच लाजिरवाणं रोज कागदावर उतरवणं नको वाटतं. पण या सगळ्या उपचारातला खरा न्यायनिवाडा त्या वहीवर होतो. कपड्यांत होण्याचे प्रसंग किंवा तसे दिवस निम्म्याने किंवा त्याहून कमी झाले तरच कायमचं यंत्र बसवतात. वही अर्धवट असेल तर तुलना कशाशी करणार?

चाचणीची तार बसवली त्या दिवसाबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे.

पालथं झोपवलं. पोटाखाली उशी, घोट्यांखाली उशी, पावलं उघडी. पाठीच्या खालच्या भागावर एक्स-रेचं यंत्र आणलं. मला भूल फक्त त्या जागेपुरती दिली होती, कारण मला काय जाणवतं हे त्यांना विचारायचं होतं. सुई त्रिकास्थीच्या तिसऱ्या भोकातून आत गेली तेव्हा खोलवर दाब आला. मग वीज सुरू केली. दोन गोष्टी बघतात. नस बरोबर सापडली असेल तर गुदद्वाराभोवतीचा भाग भात्यासारखा आत ओढला जातो आणि त्या बाजूच्या पायाचा अंगठा खाली वाकतो. पूर्ण पाय वळला किंवा टाच हलली तर सुई वरच्या नसेवर आहे. अंगठा हललाच नाही, नुसता मागचा भाग आवळला, तर ती खालच्या नसेवर असू शकते.

उजवीकडे आधी करून पाहिलं. अंगठा वाकला, पण त्यासाठी वीज जरा जास्त लागली. मग डावीकडे. मला मागच्या बाजूला टकटक जाणवायला लागली, सौम्य, एका लयीत. आणि पायाकडे उभ्या असलेल्या सिस्टर म्हणाल्या, “अंगठा वाकतोय. छान वाकतोय.”

“डावा?” मी विचारलं.

“डावा.”

पडल्यापासून तो अंगठा मला हलवता आला नव्हता. मला तो दिसत नव्हता, पालथी होते. मी सिस्टरना परत परत विचारत राहिले आणि त्या न कंटाळता सांगत राहिल्या. मॅडमनी लगेच स्पष्ट केलं, यामुळे पाय सुधारणार नाही, नस जिवंत आहे आणि खाली तिची जोडणी शाबूत आहे एवढंच यातून कळतं. मला ते समजलं होतं. तरीही त्या टेबलावर मी जे रडले ते दुःखाचं नव्हतं. डाव्या बाजूलाच तार ठेवली. तिच्या टोकाला चार विद्युतबिंदू असतात आणि मागे बारीक दाते, ते मांसात रुततात म्हणून तार सरकत नाही. पूर्वी अशा दातांची तार नव्हती, त्यामुळे ती वारंवार सरकायची. बाहेरचं टोक दुसऱ्या बाजूच्या कातडीतून काढून कमरेच्या पट्ट्यावरच्या डबीला जोडलं. रात्री घरी सोडलं.

चाचणीच्या काळात अंघोळ नाही, नुसतं अंग पुसायचं. वाकायचं नाही, कंबर पिळायची नाही, जड उचलायचं नाही. डाव्या पायाला पट्टा चढवताना वाकावंच लागतं, म्हणून ते ताईने केलं. माझ्या रिमोटवर वीज कमी-जास्त करता यायची. ती इतकी ठेवायची की टकटक नुसती जाणवेल किंवा जाणवणारही नाही. दुखेपर्यंत वाढवली म्हणून जास्त उपयोग होतो असं नाही.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. नेहमीसारखेच कपडे खराब, वहीत नेहमीसारखीच शून्यं. मी ताईला म्हणाले, “काढून टाकायला सांगूया, उगाच जखम वागवायची.” ताई म्हणाली, “तारीख दिली आहे ना त्यांनी? तोवर लिही. काही नाही झालं तर तेही लिही.”

मग एका दुपारी मला लागली. मी सवयीने उठायच्या आधीच कपाळाला हात लावला, की झालं. झालं नव्हतं. पोटात खालच्या बाजूला एक भरल्याची, जड अशी जाणीव होती आणि ती तिथेच थांबून होती. मी काठी घेतली, उठले, चालत गेले, कडी लावली, बसले. कपडे कोरडे. वहीच्या शेवटच्या रकान्यात मी “४ मिनिटं” लिहिलं आणि बाहेर येऊन ताईला वही दाखवली. ज्याला कायम हे सहज जमतं त्याला चार मिनिटं म्हणजे काय ते कळणार नाही. माझ्या चालीने घरातल्या कुठल्याही कोपऱ्यातून संडास गाठायला तेवढी पुरतात.

पुढच्या दिवसांत हे सारखं झालं असं नाही. दोन दिवस चांगले, एक वाईट. पण शून्यं कमी होत गेली. चाचणी संपताना प्रसंग निम्म्याच्याही बरेच खाली आले होते.

तरी माझ्या मनात किंतु होता. मला हे हवंच होतं, म्हणून तर मला बरं वाटत नसेल? मी ते मॅडमना बोलून दाखवलं. त्यांनी यंत्र काही दिवस बंद ठेवायला सांगितलं, तार तशीच ठेवून. वही चालू. लगेच काही बदललं नाही, पण नंतर ती जाणीव पुसट होत गेली आणि कपडे पुन्हा खराब व्हायला लागले. पुन्हा सुरू केल्यावर परत सुधारलं. हे बंद-चालू करून बघणं सगळीकडे करत असतील असं नाही, पण ज्याच्या मनात शंका आहे त्याने जरूर मागावं. मी शस्त्रक्रियेच्या कागदावर सही केली ती शांत मनाने, ते यामुळेच.

माझ्याबरोबर चाचणी झालेल्या आणखी एका बाईंना काहीच फरक पडला नाही. त्यांची इजा खालच्या नसांच्या झुपक्याला होती. त्यांची तार काढली. त्या फार खचल्या होत्या. काही महिन्यांनी त्यांनी पोटावर शौचाची पिशवी बसवून घेतली आणि त्या माझ्याआधी कामावर रुजू झाल्या. पिशवीला लोक शेवटचा, नाइलाजाचा उपाय मानतात. त्यांच्याशी बोलल्यावर मला तसं वाटत नाही.

कायमचं यंत्र बसवण्याची शस्त्रक्रिया छोटी असते. तार आधीच जागेवर असते, फक्त नितंबाच्या वरच्या भागात खिसा करून यंत्र ठेवतात. जागा मात्र विचारपूर्वक ठरवावी लागते. मणक्याच्या रुग्णाला बसून बसून जखमा होण्याचा धोका असतो आणि कातडीची जाणीवही कमी. मॅडमनी मला बसवून, माझ्या खुर्चीची पाठ कुठे टेकते, पट्टा कुठे येतो ते बघून शाईने खूण केली. जे सतत चाकांच्या खुर्चीत असतात त्यांनी हे आग्रहाने करून घ्यावं. इजा छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर असेल तर रक्तदाब एकाएकी चढण्याचा धोका असतो, तेही भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायला हवं.

बॅटरी दोन प्रकारची मिळते. एक चार्ज न होणारी, काही वर्षांनी शस्त्रक्रिया करून यंत्रच बदलावं लागतं. दुसरी चार्ज होणारी, पंधरा वर्षं किंवा जास्त टिकावी अशी बनवलेली. ऐकायला दुसरी चांगली वाटते. पण चार्जर कातडीवर ठेवावा लागतो, तो थोडा गरम होतो, आणि माझ्या त्या भागाला गरम-गार नीट कळत नाही. मी पहिली निवडली. ज्याच्या कातडीला जाणीव चांगली आहे त्याने माझं अनुकरण करायचं कारण नाही.

एमआरआयबद्दलही आधीच विचारून ठेवावं. जुन्या यंत्रांसह फक्त डोक्याचाच एमआरआय करता यायचा. नव्या यंत्रांसह ठरावीक अटींवर पूर्ण शरीराचा करता येतो. मणक्याच्या रुग्णाला पुढे पाठीचा एमआरआय लागण्याची शक्यता असतेच.

बसवल्यानंतर सगळं एका रेषेत गेलं नाही. खिशाच्या जागी बरेच दिवस ठणकत होतं. वीज कोणत्या बिंदूतून कोणत्या बिंदूकडे जाईल याच्या अनेक जोड्या असतात. सुरुवातीची जोडी काही काळाने चालेनाशी झाली. टकटक मांडीत सरकली आणि वहीत पुन्हा शून्यं दिसायला लागली. मला वाटलं, गेलं सगळं. एक्स-रेत तार किंचित सरकलेली दिसली. मॅडमनी दुसरी जोडी लावली आणि टकटक परत जागेवर आली. शस्त्रक्रिया करावी लागली नाही. साधारणपणे विजेचा वेग सेकंदाला १४ ठोके आणि प्रत्येक ठोक्याची लांबी २१० मायक्रोसेकंद ठेवतात. माझंही तेवढंच आहे. बदल होतो तो जोड्यांत आणि विजेच्या जोरात. जंतुसंसर्ग झाला तर सगळं काढावं लागतं, त्या भीतीने पहिले काही आठवडे मी जखमेकडे आरशात रोज बघत होते.

फिजिओथेरपीला गेल्यावर एकदा एका नव्या मुलाने कंबरेला खोल शेक देणारं डायथर्मीचं मशीन आणलं. मी थांबवलं. शरीरात हे यंत्र असेल तर डायथर्मी अजिबात चालत नाही. तारेतून उष्णता जाऊन आतली नस भाजू शकते. त्याला माहीत नव्हतं, ऐकल्यावर त्याने लगेच फाइलवर लाल शाईने लिहून ठेवलं. यंत्राचं कार्ड पाकिटात कायम ठेवते, विमानतळावर दाखवते. दुसरी कुठलीही शस्त्रक्रिया असेल तर आधी सांगते, कारण रक्त थांबवायला वापरतात त्या विजेचाही विचार करावा लागतो.

आता काय जमतं आणि काय नाही? सकाळची शिस्त सुटलेली नाही. सपोझिटरी आणि पाणी अजून लागतं, रोज नाही पण लागतं. पोट बिघडून पातळ झालं तर यंत्र काही करू शकत नाही, त्या दिवशी मी पॅड लावूनच असते. वायू आणि शौच यांतला फरक मला अजूनही प्रत्येक वेळी ओळखता येत नाही. लघवीची घाई मात्र बरीच कमी झाली. नस तीच असल्यामुळे असं होऊ शकतं असं मॅडम म्हणाल्या. कपड्यांत अजूनही क्वचित होतं. पण आता मला आधी कळतं. काही वेळा दोन मिनिटं मिळतात, काही वेळा दहा. त्या मिनिटांवर मी कामावर परत गेले, आणि बैठकीत दाराजवळची जागा धरणं बंद केलं.

ज्यांना हा उपचार सुचवला गेला आहे त्यांनी एवढं विचारून घ्यावं: माझी इजा पूर्ण की अपूर्ण, मार मज्जारज्जूला की खालच्या नसांना, आतडं धुण्याची पद्धत नीट शिकून पुरेसे दिवस करून पाहिली आहे का, चाचणी किती दिवसांची, मधे बंद करून बघाल का, आणि बसवल्यानंतर जोड्या बदलायला माझ्या आवाक्यात कोण असेल. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. यंत्र बसवून देणारा डॉक्टर लांब असेल आणि जवळ कोणाकडे प्रोग्रॅमर, म्हणजे जोड्या बदलायचं उपकरण, नसेल तर तार किंचित सरकली तरी महिनोन्‌महिने हाल होतात.

माझी बॅटरी आता संपत आली आहे. रिमोटवर सूचना येते. तार तशीच राहील, फक्त यंत्र बदलायचं. या वेळी चार्ज होणारी घ्यायची का, हा विचार पुन्हा चालू आहे. ताईचं म्हणणं, चार्ज करताना ती शेजारी बसून कातडीवर हात ठेवेल. मॅडमचं म्हणणं, आधी जुनं यंत्र काही आठवडे बंद ठेवूया, तू वही लिही, अजूनही त्याचीच गरज आहे का ते बघू. मला ते पटलं. नवी वही आणली आहे आणि शेवटचा रकाना या वेळी मीच आखला.